‘फॉरमॅट मार’ म्हणण्याआधी...

आपल्या होस्टेलमध्ये दोन वाक्यं चोवीस तास कानावर पडतात. एक, “आज मेसला काय आहे?” आणि दुसरं, “फॉरमॅट मार ना भावा!” पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा बटाटाच असतं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या वाक्यावर मात्र मला आज लिहायचंय. कारण हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय आणि एकदा त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

कॉम्प्युटर सुरू होता होता निळा पडला, की आपण काय करतो? पॉवरचं बटण दाबून धरतो. पुन्हा चालू करतो. पुन्हा निळा. मग वरच्या मजल्यावरच्या ‘एक्स्पर्ट’ला हाक जाते. तो चप्पल फटकारत येतो, खिशातून पेनड्राइव्ह काढतो आणि स्क्रीनवर काय लिहिलंय ते न वाचताच म्हणतो, “फॉरमॅट मारावं लागेल.” डॉक्टरनं पेशंटची नाडी न बघता थेट ऑपरेशन टेबलावर झोपवावं, तसा हा प्रकार. आमच्या मजल्यावरचा तो एक्स्पर्ट म्हणजे मीच. त्यामुळे कुणी राग मानू नये, हा आधी घरचा आहेर आहे.

आता गोष्ट सांगतो. माझं गाव हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. जुलै २०२४ मध्ये मी दुसऱ्या वर्षाला होतो आणि आषाढीला गावी गेलो होतो. एकादशी १७ तारखेला झाली, पण मी रविवारपर्यंत मुक्काम लांबवला (हजेरीचं पुढं काय झालं ते विचारू नका). १९ जुलैला, शुक्रवारी, सगळ्या चॅनेलवर एकच चित्र होतं : निळी स्क्रीन. जगभर विमानं अडकली होती, आपल्याकडे मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर रांगा लागल्या होत्या. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट या कंपन्यांचं काम हातानं चाललं होतं आणि पेनानं लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. आमच्या घरी सगळे माझ्याकडे बघायला लागले. इंजिनिअरिंगला पोरगं घातलंय म्हटल्यावर जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला काही झालं तरी जबाबदारी आपलीच!

शनिवारी सकाळीच मित्राचा फोन. त्याचं गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर-स्कॅनर, एक इन्व्हर्टर आणि दारात कायम चपलांचा ढीग. म्हणाला, “अरे, टीव्हीवरचा निळा आपल्याकडंबी आला की! लवकर ये, मान्सं बसून हायेत.”

माणसं बसलेली असणारच. खरिपाच्या पीक विम्याचे दिवस होते. एक रुपयात विमा होता त्या वर्षी. मुदत १५ जुलैला संपणार होती, ती ३१ जुलैपर्यंत वाढवून मिळालेली. सातबारा, बँकेचं पासबुक, आधार, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र अशी सगळी कागदं घेऊन शेतकरी येत. साइट चालली तर फॉर्म लगेच भरला जाई. नाही चालली, तर मित्र कागद स्कॅन करून ठेवी, मूळ कागद परत देई आणि रात्री साइट हलकी झाली की निवांत फॉर्म भरी. ही सगळी स्कॅन केलेली कागदं डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये होती.

मी गेलो. मशिन चालू केलं. कंपनीचा लोगो आला, गोल गोल फिरलं आणि निळा पडदा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : मेमरी मॅनेजमेंट. मी ते बघितलं. बघितलं म्हणतोय, वाचलं म्हणत नाहीये. दुसऱ्यांदा चालू केलं तेव्हा तिथं वेगळंच काहीतरी होतं : पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. काल टीव्हीवर निळ्या पडद्याच्या फोटोंतही हेच शब्द होते. झालं! मी चार माणसांसमोर जाहीर केलं, “तेच आहे. जगभर चाललंय ते. फॉरमॅट मारावं लागेल.”

मित्र म्हणाला, “डाटा जाईल का रे?” मी विचारलं, “महत्त्वाचं काही आहे का?” तो म्हणाला, “भरलेले फॉर्म तर साइटवर हायेत.” बसलेल्या माणसांच्या गडबडीत त्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरची त्याला आठवण झाली नाही आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सगळी पार्टिशन उडवली. इन्स्टॉल होताना मध्येच एकदा मशिन अडकलं, तेही मी मनावर घेतलं नाही. पुन्हा सुरू केलं. दीड तासानं नवं कोरं विंडोज आलं. मान्यवरांनी कौतुक केलं, चहा झाला. आणि दुपारी दोनच्या सुमारास पुन्हा निळा!

शेवटी तालुक्याहून एक रिपेअरवाले काका आले. शिक्षण किती ते मी विचारलं नाही, पण त्यांनी आधी मला विचारलं, “नाव काय येतंय निळ्यावर? दर बारी येगळं येतंय का?” मी म्हणालो, “हो, वेगळं येतंय.” ते म्हणाले, “मग रॅम बघू आधी.” कॅबिनेट उघडलं. आत उन्हाळ्याची सगळी धूळ. दोन रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे पिवळे दात खोडरबरनं घासले, ब्रशनं स्लॉट साफ केला. एकेक पट्टी लावून बघितली. एक ठीक, दुसरी खराब. खराब होती ती काढून बाजूला ठेवली, मशिन सुरू. वीस मिनिटं लागली. काका जाताना एवढंच म्हणाले, “बाबा, त्यानं नाव सांगितलं होतं तुला.”

मग रात्री मित्राला फोल्डर आठवलं. सतरा जणांचे कागद होते त्यात. कागदाच्या यादीवरून आणि आठवणीवरून फोन लावले. सोळा जण पुन्हा आले, कुणी रोजगार बुडवून, कुणी शेजारच्या गावाहून. एक जण कागद देऊन कामाला पुण्याला गेला होता आणि त्याचा नंबर लागत नव्हता. तो सापडला तेव्हा ३१ जुलै उलटून गेली होती. पुढं सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी, नांदेडकडे किती पाऊस झाला ते आपल्यापैकी मराठवाड्यातल्या सगळ्यांना आठवत असेल. त्याच्या दोन एकर सोयाबीनमध्ये पाणी उभं होतं. विमा असता तर किती मिळाले असते, मिळाले असते की नसते, हा वेगळा विषय. पण त्याला अर्जसुद्धा करता आला नाही आणि त्याचं कारण निळा पडदा नव्हता. कारण मी होतो.

असो. रडगाणं पुरे. मुद्द्यावर येतो.

काल टीव्हीवर दिसलेलं आणि आज गावात दिसलेलं एकच आहे असं मला वाटलं, ते किती चुकीचं होतं ते बघा. १९ जुलैचा प्रकार झाला तो क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या ‘फाल्कन’ या सॉफ्टवेअरमुळे. हे सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या, बँका, विमानतळ घेतात. गावातल्या फॉर्मच्या दुकानात ते असण्याचं कारणच नाही. व्हायरसला अगदी सुरुवातीपासून पकडता यावं म्हणून त्याचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसतो आणि मशिन सुरू होतानाच चालू होतो. त्या दिवशी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीनं एक छोटी फाइल सगळीकडे पाठवली. नियम लिहिणाऱ्यानं २१ रकाने धरले होते, पण प्रोग्रॅमकडून मिळत होते २०. एकविसावा रकाना वाचायला गेलेला प्रोग्रॅम मेमरीत भलत्याच ठिकाणी जाऊन पडला. ॲरेच्या बाहेरचं वाचणं! सी लँग्वेजच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सर आपल्याला ज्यावरून ओरडतात, तेच. गाभ्यातच चूक झाल्यावर विंडोजपुढे निळा पडदा दाखवून थांबण्याशिवाय पर्याय नसतो.

कंपनीनं ७८ मिनिटांत चुकीची फाइल मागे घेतली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशिनं आडवी झाली होती आणि तीही एकूण विंडोज मशिनांच्या एक टक्क्याहून कमी! मग दुरुस्तीला दिवसचे दिवस का लागले? कारण मशिन सुरूच होत नसेल तर नेटवरून येणारी दुरुस्ती ते घेणार कसं? प्रत्येक मशिनपाशी माणूस जाऊन बसला, सेफ मोडमध्ये सुरू केलं, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ती एक फाइल पुसली, पुन्हा सुरू केलं. जिथं डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं तिथं आधी ४८ आकडी किल्ली शोधावी लागली. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीनं पाच दिवसांत सुमारे ७००० उड्डाणं रद्द केली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला.

आता यातली खरी गंमत. ८५ लाख मशिनांवर इलाज होता एक फाइल पुसण्याचा. नाव वाचलं, कारण शोधलं, तेवढंच काढलं. त्या दिवशी सगळ्यांनी माझ्यासारखं ‘फॉरमॅट मार’ म्हटलं असतं, तर विमानं कधी उडाली असती कोण जाणे!

आणि हे काही आजचंच नाही. आपल्या लॅबमधल्या जुन्या सरांना विचारा, ऑगस्ट २००३ मधला ब्लास्टर आठवतो का. एक्सपी मशिन नेटला जोडलं की ‘साठ सेकंदांत बंद होत आहे’ अशी पाटी यायची आणि काटा उलटा फिरायला लागायचा. तेव्हाही लोकांनी धडाधड फॉरमॅट मारले. पण ताजं विंडोज पॅच न टाकता नेटला जोडलं, की थोड्याच वेळात तीच पाटी पुन्हा हजर! कारण भोक विंडोजमध्ये होतं आणि फॉरमॅट मारून आपण तेच भोक नव्यानं बसवत होतो. कारण कळल्याशिवाय केलेला फॉरमॅट म्हणजे गळक्या छपराखालची फरशी पुसण्यासारखं आहे.

कारण कसं शोधायचं? यात रॉकेट सायन्स नाही. मशिन सुरू होण्याचा एक क्रम असतो : आधी वीज, मग बायोस किंवा युईएफआय रॅम-कीबोर्ड-डिस्कची हजेरी घेतं, मग डिस्कवरचा बूटलोडर, मग विंडोजचा गाभा, मग ड्रायव्हर, शेवटी आपला पासवर्ड. गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली ते बघायचं, बिघाड त्याच्या आसपासच असतो.

पंखाच फिरत नसेल तर वायर, बोर्ड, एसएमपीएस बघा, विंडोजचा संबंधच नाही. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी आणि आत बीप-बीप होत असेल, तर ते बीप मोजा, बहुतेक वेळा रॅम हललेली असते. लोगो येतो पण ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणत असेल, तर आधी लावलेला पेनड्राइव्ह काढा (हसू नका, निम्म्या केसेस इथंच मिटतात), मग डिस्कची केबल बघा. गोल फिरून निळा पडत असेल तर पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. दर वेळी एकच नाव येत असेल आणि कालच काही नवं टाकलं असेल, तर ड्रायव्हरवर संशय. दर वेळी नाव बदलत असेल, तर रॅमवर. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असेल, तर डिस्क किंवा बायोसमधल्या सेटिंगवर. लक्षात ठेवा, पडद्यावरचं नाव म्हणजे रोग नव्हे, लक्षण. ताप हिवतापाचाही असतो आणि टायफॉइडचाही. माझी चूक इथंच झाली होती.

पूर्वी एफ ८ दाबलं की सेफ मोड मिळायचा. विंडोज १० आणि ११ मध्ये तो सहजासहजी मिळत नाही, पण मशिन दोन-तीनदा अर्ध्यात पडलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज असं गेलं की सेफ मोड. सेफ मोडमध्ये मशिन नीट चाललं तर हार्डवेअर बहुधा ठीक, वरून टाकलेलं काहीतरी बिघडलंय. शेवटचं अपडेट काढायची सोयही त्याच पडद्यावर आहे. आणि काहीच जमलं नाही तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशिन सुरू करून आधी डेटा बाहेर काढा. मग खुशाल फॉरमॅट मारा! फक्त नव्या लॅपटॉपवर डिस्कला बहुतेक कुलूप असतं, त्याची ४८ आकडी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते. ती आजच काढून वहीत लिहून ठेवा. बंद पडलेल्या लॅपटॉपमध्येच किल्लीचा फोटो ठेवणारे महाभाग मी बघितलेत.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर लॅब असिस्टंट सर मला गेटवर गाठतील. लॅबमध्ये साठ मशिनं, सबमिशन तोंडावर, तेव्हा प्रत्येक निळ्या पडद्याचं कारण शोधत बसणं परवडत नाही. तयार इमेज टाकून अर्ध्या तासात मशिन उभं करणं, हेच तिथं शहाणपण. मान्य. कारण त्या मशिनवर कुणाचं काही नसतं, हे आधीच ठरलेलं असतं. व्हायरसनं पोखरलेलं मशिनही पुसलेलंच बरं. माझं भांडण फॉरमॅटशी नाही. न वाचता, न विचारता मारलेल्या फॉरमॅटशी आहे. लॅबचा नियम आपण रूममेटच्या लॅपटॉपला लावतो, तिथं त्याचा वर्षभराचा प्रोजेक्ट असतो. गावातल्या दुकानाला लावतो, तिथं सतरा घरांचे कागद असतात.

आणि होय, पुढचं संकट दारात आहे. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला नियमितपणे थांबली. गावोगावची जुनी मशिनं अजून त्यावरच चालतात. नव्या विंडोज ११ मध्ये तर निळा पडदा जाऊन काळा आलाय. रंग बदलला तरी खाली नाव लिहिलेलं असतंच. ‘निळा नाही आला, मग काही नाही’ असं म्हणणाऱ्यांनी सावध राहावं!

म्हणून माझ्या दोन सूचना. पहिली होस्टेलसाठी : प्रत्येक मजल्यावर एक वही ठेवू. शंभर पानी, दुकानात मिळते ती. मशिन पडलं की तारीख, पडद्यावरचं नाव, आधी काय केलं होतं, शेवटी कारण काय निघालं, एवढं चार ओळीत लिहायचं. दोन सेमिस्टरमध्ये ती वही कुठल्याही पुस्तकापेक्षा भारी होईल. क्राउडस्ट्राइकनंसुद्धा ६ ऑगस्ट २०२४ ला चूक कशी झाली आणि पुढं काय बदलणार याचा अहवाल छापून जगासमोर ठेवला. कोट्यवधींची कंपनी आपली चूक लिहून ठेवू शकते, तर आपल्याला कसली लाज?

दुसरी सरांसाठी, नम्रपणे : हार्डवेअरच्या प्रॅक्टिकलला जोडणी आणि इन्स्टॉलेशन तर आहेच, पण एकदा मुद्दाम बिघडवलेलं मशिन समोर ठेवा. सैल रॅम, उलटा बूट ऑर्डर, चुकीचा ड्रायव्हर. आणि मार्क द्या ते मशिन सुरू केल्याचे नव्हे, तर कारण बरोबर सांगितल्याचे. आम्हाला व्हायव्हाला ‘पोस्ट म्हणजे काय’ विचारता, त्याचा फुल फॉर्म आम्ही घडाघडा सांगतो आणि तेच पोस्ट बीप वाजवून बोलायला लागलं, की आम्ही पेनड्राइव्ह शोधतो!

त्या पुण्याला गेलेल्या माणसाला मी नंतर दिवाळीत भेटलो. माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ दे लेकरा, मशिनच हाय ते, पडणारच.” मला ते वाक्य आजही टोचतं. मशिन पडणारच, हे खरं. पण पडताना ते नाव सांगून पडतं. ते वाचायला आपल्याला चार वर्षं इथं ठेवलंय, घरच्यांनी पैसे भरून.

तेव्हा पुढच्या वेळी वरच्या मजल्यावरून चपलांचा आवाज आला आणि पेनड्राइव्ह बाहेर निघाला, तर एकच विचारा, “भावा, नाव काय आलं होतं?” त्याला सांगता आलं नाही, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. तो एक्स्पर्ट मी असलो तरी!

– एक होस्टेलकर, अंतिम वर्ष